तीनातला एक

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी शेजारचे आजोबा मला गावातल्या हॉलमध्ये हँडबॉलचा सामना बघायला घेऊन गेले. हायडेलबर्गजवळचं आमचं गाव लहान आहे. रविवारी दुपारी इथे जाग असते ती या हॉलमध्येच. बाहेर बारीक पाऊस लागला होता. आत उबट, दमट हवा, बुटांचं रबर जमिनीवर घासल्याचा कर्कश आवाज, आणि पालकांनी मांडलेल्या टेबलावरून येणारा कॉफीचा आणि केकचा वास. आजोबांचा नातू गोलमध्ये उभा राहणार होता. तेरा-चौदा वर्षांचा, एकदम उंच झालेला, स्वतःच्या हातापायांशी अजून पुरती ओळख न झालेला पोरगा. सुरुवातीच्या काही मिनिटांतच त्याच्यावर चार गोल झाले. एक चेंडू सरळ गालावर बसला. सगळा हॉल हळहळला. त्याचे डोळे भरून आले, त्यानं बाहीनं तोंड पुसलं, दोन्ही हात पुन्हा खांद्यांच्या वर नेले आणि पाय फाकवून उभा राहिला. सामना संपला तेव्हा त्याच्यावर एकतीस गोल झाले होते आणि त्याचा संघ हरला होता. मी मनात चार धीराचे शब्द जुळवत होते. आजोबा मात्र उठले, कठड्यावरून वाकले, नातवाच्या घामेजल्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आज फार छान खेळलास." पोरगा हसला. अगदी मनापासून, दात दिसेपर्यंत.

घरी परतताना ते हसू काही माझ्या मनातून जाईना. समजूत घातलेलं मूल कसं हसतं ते आपल्याला ओळखू येतं. हे तसं नव्हतं. एकतीस वेळा चेंडू मागच्या जाळीत गेला, एकतीस वेळा त्यानं वाकून तो काढून दिला, आणि तरी आपण आज चांगलं काम केलं याची त्याला खात्री होती. मी आजोबांना विचारलंच. ते चालता चालता थांबले. म्हणाले, "अहो, हेनिंग फ्रित्सवरसुद्धा तीनातले दोन गोल व्हायचे. आणि तो जगातला सर्वोत्तम खेळाडू होता."

तीनातले दोन.

हँडबॉलचा गोल तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असतो. समोर सहा मीटरची रेघ असते, पण मारणारे त्या रेघेवरून आत झेप घेतात आणि जमिनीला पाय टेकायच्या आत चेंडू सोडतात. म्हणजे कधीकधी मारणारा हात गोलकीपरपासून चार-पाच मीटरांवर येऊन पोचलेला असतो. चांगल्या खेळाडूच्या हातून सुटलेला चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या वर सहज जातो. सात मीटरच्या पेनल्टीचा हिशेब केला तर चेंडू गोलपर्यंत पोचायला साधारण पाव सेकंद लागतो, आणि डोळ्यांनी बघून अंग हलवायला माणसाला जवळपास तेवढाच वेळ लागतो. म्हणजे चेंडू सुटल्यावर बघायला वेळच नसतो. खांदा कुठे वळला, मनगट कुठे झुकलं, उडी कुठल्या पायावर घेतली, याच फेकणाऱ्याला मागच्या आठवड्यात चित्रफितीत बघितलं तेव्हा त्यानं शेवटच्या क्षणी कुठे मारलं होतं, हे सगळं अंगात मुरलेलं लागतं. अंगावर हातमोजे नाहीत, शिरस्त्राण नाही. लांब विजार, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आतून थोडं संरक्षण, बस. आणि एवढं करून तीस टक्के चेंडू अडवले तर काम ठीक झालं, चाळीस टक्के अडवले तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. उरलेले साठ टक्के त्याच्या हाताशेजारून, कानाशेजारून, दोन पायांच्या मधून जातातच. एका सामन्यात पंचवीस-तीस वेळा. आठवड्यातून दोनदा. पंधरा-वीस वर्षं.

मला पहिल्यांदा हा खेळ दिसला तो मात्र हॉलमध्ये नव्हे, मुरमाच्या मैदानावर. माझी ताई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शाळेच्या हँडबॉल संघात गोलकीपर होती. शालेय क्रीडा स्पर्धांमुळे आपल्याकडे कितीतरी मुलींनी हा खेळ खेळलेला असतो, आणि दहावी झाली की बहुतेकींचा तो सुटतो. चुन्याच्या फक्कीनं आखलेली रेघ, दोन बाजूंना रंग उडालेले लोखंडी खांब, जाळी असलीच तर असली. ताई संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या दोन्ही कोपरांना खडे रुतलेले असायचे. आई कोमट पाण्यानं धुऊन हळद लावायची आणि पुटपुटायची, "दुसरं काही खेळायला नाही का मिळत?" ताई गप्प बसायची. एकदा मी तिला विचारलं होतं, भीती नाही वाटत का? ती म्हणाली, "चेंडूची नाही वाटत. आपल्या मुली मागे वळून बघतात ना, त्याची वाटते." लहान होते, मला त्यातलं काही कळलं नाही. पुढे खूप वर्षांनी फ्रित्सचे जुने सामने बघताना मला हे वाक्य परत ऐकू आलं. गोल झाला की बचावातले सहाजण मागे वळतात. सगळे वळत नाहीत, पण एकदोघं वळतातच. क्षणभरच. मग धावत पुढे जातात. गोलकीपरला ती नजर अंगावर घेऊन पुढच्या चेंडूसाठी उभं राहायचं असतं.

हेनिंग फ्रित्स १९७४ साली मागडेबुर्गमध्ये जन्मला. म्हणजे पूर्व जर्मनीत, आणि तेही अशा शहरात जिथे हँडबॉल म्हणजे घराघरातली गोष्ट. तिथल्या क्लबनं १९७८ आणि १९८१ साली युरोपातल्या विजेत्यांचा चषक जिंकला होता, आणि त्या संघाच्या गोलमध्ये वीलांड श्मिट उभा असे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचा अंतिम सामना, पूर्व जर्मनीविरुद्ध सोव्हिएत संघ. सामना जादा वेळेत गेलेला, पूर्व जर्मनी २३-२२ असा एका गोलानं पुढे, आणि शेवटच्या काही सेकंदांत सोव्हिएत संघाचा कार्शाकेविच मोकळा सुटून गोलवर आलेला. श्मिटनं तो चेंडू अडवला. ते सुवर्णपदक त्या एका बचावावर तगून राहिलं. मागडेबुर्गमध्ये गोलकीपर होऊ पाहणाऱ्या पोरानं हे किती वेळा ऐकलं असेल याची मी कल्पना करते. तेव्हा फ्रित्स सहाएक वर्षांचा असेल. पंधरा वर्षांचा झाला तेव्हा बर्लिनची भिंत पडली, आणि ज्या देशात तो खेळायला शिकला तो देश पुढच्या वर्षी नकाशावरून गेला. क्लब मात्र राहिला. त्या क्लबबरोबर तो मोठा झाला, आणि २००१ साली मागडेबुर्ग एकत्रित जर्मनीचा विजेता झाला. पूर्वेकडच्या क्लबला हे पहिल्यांदाच जमलं होतं. त्या संघाचा प्रशिक्षक आइसलंडचा अल्फ्रेड गिस्लासन. आज जर्मनीच्या राष्ट्रीय संघाची धुरा त्याच्याकडेच आहे.

त्याच वर्षी फ्रित्स उत्तरेला कीलला गेला. समुद्रकाठचं शहर, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा गणवेश, गच्च भरलेला हॉल आणि जर्मनीतला सगळ्यात जास्त विजेतेपदं मिळवलेला क्लब. फ्रित्स काही फार उंच नाही. त्याची उंची १.८८ मीटर. रस्त्यात उंच वाटेल, हँडबॉलच्या गोलमध्ये नाही. ज्यांचे हात उभ्या उभ्याच वरच्या खांबाला लागतात असे गोलकीपर असतात, त्यांच्या तुलनेत त्याला प्रत्येक कोपरा कमवावा लागायचा. त्याच्याकडे होते पाय. जुन्या चित्रफितींत बघा, खाली कोपऱ्यात मारलेला चेंडू येतो आणि त्याचा पाय कमरेतून सरळ आडवा जातो, जमिनीपासून वीतभर अंतरावर, आणि बुटाच्या कडेला चेंडू थडकून वर उडतो. मग तो ओरडतो. दोन्ही मुठी आवळून, डोळे विस्फारून, गळ्याच्या शिरा ताणून. सुरुवातीला मला ते ओरडणं जरा अंगावर आलं. हळूहळू कळलं की एका सामन्यात पंचवीस वेळा गप्प राहून चेंडू जाळीतून काढून देणाऱ्या माणसाला दहा वेळा ओरडायला मिळत असेल तर ते त्याला हवंच.

२००२ साली युरोपीय स्पर्धेत जर्मनीला रौप्य. २००३ साली विश्वचषकात रौप्य. दोन्ही वेळा अंतिम सामना गेला. मग २००४ उजाडलं. जानेवारीत स्लोव्हेनियात युरोपीय स्पर्धा झाली आणि जर्मनी पहिल्यांदाच युरोपचा विजेता झाला, ल्युब्लियानात यजमानांना त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३०-२५ असं हरवून. त्यानंतर क्लबचा उरलेला हंगाम. आणि ऑगस्टमध्ये अथेन्सचं ऑलिंपिक.

अथेन्समधल्या उपांत्यपूर्व सामन्याची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा बघितली आहे. समोर स्पेन. साठ मिनिटांत निकाल लागला नाही. जादा वेळ झाला, तरी नाही. दुसऱ्यांदा जादा वेळ झाला, ३०-३०. मग सात मीटरच्या फेकी. इथे बाकी सगळे खेळाडू मध्यरेषेजवळ जाऊन एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात, आणि मैदानाच्या त्या अर्ध्या भागात दोनच माणसं उरतात. गोलकीपरला चार मीटरच्या खुणेपर्यंत पुढे यायची मुभा असते. किती पुढे यायचं हा त्याचा निर्णय. पुढे आलात तर कोन लहान होतो, पण डोक्यावरून चेंडू उचलला तर काही करता येत नाही. फेकणाऱ्याचा पुढचा पाय हलू शकत नाही, पण हात फसवू शकतो, एकदा, दोनदा. फ्रित्स हात पसरून उभा असतो, अंग किंचित डुलत असतं. ऐंशी मिनिटं खेळून झालेली आहेत. शर्ट पाठीला चिकटलेला आहे. स्पेनचा एक खेळाडू येतो, मग दुसरा, मग आणखी. त्या सगळ्या फेकींत स्पेनचा एकही गोल होत नाही. एकही नाही. जर्मनीचे दोन होतात, आणि सामना ३२-३० असा संपतो. ज्या खेळात तीनातले दोन गोल व्हायचेच असं सगळे धरून चालतात, त्यात सात मीटरवरून एका देशाचा एकही चेंडू आत जात नाही. चेंडू अंगाला लागल्याचा आवाज त्या चित्रफितीत स्पष्ट ऐकू येतो, धुण्याच्या दगडावर ओला पिळा आपटावा तसा.

पुढे उपांत्य सामन्यात त्यांनी रशियाला केवळ पंधरा गोल करू दिले. अंतिम सामना मात्र क्रोएशियानं २६-२४ असा जिंकला. ऑलिंपिकचं रौप्य घेऊन फ्रित्स घरी आला, आणि २००४ सालचा जगातला सर्वोत्तम हँडबॉलपटू म्हणून आंतरराष्ट्रीय महासंघानं त्याची निवड केली. पुरुषांमध्ये हा मान मिळालेला तो पहिला गोलकीपर. तोवर हा मान गोल करणाऱ्यांना जायचा. म्हणजे तीनातला एक अडवणाऱ्याला जगानं पहिल्यांदा असं म्हटलं की, तूच सगळ्यात पुढे.

आजोबांनी हे सगळं मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, आणि मी तेवढ्यावर थांबले असते. पण त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत काय झालं ते वाचत गेले आणि तिथे अडकले.

जर्मनीत बुंडेसलिगाचे, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या साखळी स्पर्धेचे, अठरा क्लब, म्हणजे चौतीस सामने. त्यावर चषकाचे सामने, युरोपातले सामने. आणि दर जानेवारीत, म्हणजे इतर खेळाडू जेव्हा जरा श्वास घेतात तेव्हा, एका वर्षी युरोपीय स्पर्धा आणि एका वर्षी विश्वचषक. ऑलिंपिकच्या वर्षी उन्हाळाही जातो. सर्वोत्तम असणाऱ्याला सुट्टी नसते, कारण सर्वोत्तमाला सगळीकडे बोलावलं जातं. हे चक्र अजूनही तसंच आहे, आणि दर वर्षी कुणीतरी मोठा खेळाडू म्हणतो की हे फार होतंय, सगळे माना डोलावतात, आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा हॉल भरतो. मला याचा राग येतो. हॉल भरणाऱ्यांत मीही असते, म्हणून राग कमी होत नाही.

फ्रित्सचा खेळ उतरला. हळूहळू, मग लक्षात येण्याइतका. २००६ साली कीलनं फ्रान्सचा टिएरी ओमेये आणला. स्वीडनचा माटियास आंडरसन आधीपासून होताच. दोन वर्षांपूर्वी जगातला सर्वोत्तम ठरलेला माणूस स्वतःच्या क्लबमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा गोलकीपर झाला. त्याला फारसं खेळायला मिळेना. मी या तिसऱ्या माणसाचा फार विचार केला आहे. सामन्याआधी गोलकीपरला सराव देतात ना, तेव्हा सगळे रांगेनं येऊन ठरलेल्या जागी चेंडू मारतात. आधी हाताजवळ, मग वरचे कोपरे, मग खालचे. अंग तापावं, डोळे बसावेत म्हणून. तो सराव ज्याला आज उतरायचंय त्याच्यासाठी असतो. दुसऱ्याला थोडा मिळतो. तिसऱ्याला? आठवडाभर सरावात तोच घाम, तेच चेंडू मांडीवर बसून उमटलेले निळे डाग, आणि शनिवारी बाकावर बसायचं किंवा तेही नाही. गोल करणारा खेळाडू दहा मिनिटांसाठी तरी आत जातो. गोलकीपर एकच असतो. एकाचं चांगलं चाललं तर दुसऱ्यासाठी दार उघडत नाही, आणि त्याचं वाईट चालावं असं आपल्या मनात येऊ द्यायचं नसतं.

पुढे फ्रित्सनं स्वतःच उघडपणे सांगितलं की त्या काळात तो बर्नआउटमधून, म्हणजे सततच्या ताणानं अंगानं आणि मनानं पार संपून जाण्यातून, गेला होता. आजही तो ताण आणि विश्रांती या विषयांवर लोकांशी बोलतो, व्याख्यानं देतो. पण तेव्हा, वीस वर्षांपूर्वीच्या खेळाच्या जगात, असं बोलायची रीत नव्हती. त्यातून हा गोलकीपर. अंगावर येणाऱ्या चेंडूपासून बाजूला व्हायचं नाही हे ज्याच्या अंगात लहानपणापासून भिनवलेलं, त्यानं "मला आता झेपत नाही" हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? अथेन्सची ती चित्रफीत मी त्यानंतर पुन्हा लावली, तेव्हा माझी बघण्याची तऱ्हाच बदलली होती. त्या विस्फारलेल्या डोळ्यांत मला आधी नुसता आवेश दिसला होता. आता वाटतं, एवढा विस्तव रोज पेटवायचा तर सरपण कुठून आणायचं? आणि तरीही तो बचाव बघून मला आनंदच होतो, अंगावर काटा येतो. ही दोन्ही मनं एकमेकांशी भांडत नाहीत, शेजारी शेजारी बसून राहतात.

जानेवारी २००७. विश्वचषक जर्मनीतच. प्रशिक्षक हायनर ब्रांड, भरघोस मिशांचा, १९७८ साली स्वतः खेळाडू म्हणून विश्वविजेता झालेला. त्याला तिसऱ्या क्रमांकावर बसलेला गोलकीपर संघात हवा होता. क्लबमध्ये ज्याला उतरवत नाहीत त्याला देशासाठी कसं उतरवता, हा प्रश्न सगळ्यांच्या ओठावर होता, आणि प्रश्न काही वेडा नव्हता. आकडे ब्रांडच्या बाजूनं नव्हते. तरी त्यानं फ्रित्सला घेतलं आणि गोलमध्ये उभं केलं. गटात जर्मनी पोलंडकडून हरला. तेव्हा ब्रांड डगमगला असता तर कुणी त्याला दोष दिला नसता. फ्रित्स गोलमध्ये राहिला, आणि सामन्यागणिक सावरत गेला. सामन्यांचे निकाल कुणालाही शोधून मिळतात. पण थकलेल्या माणसाला कुणीतरी म्हणणं की मला तूच हवा आहेस, आणि ते म्हणणं नुसतं तोंडचं नसणं, त्यावर स्वतःची नोकरी लावलेली असणं, याचं मोल मला त्या अंतिम सामन्याहूनही मोठं वाटतं. आपल्यापैकी किती जणांना आपल्या पडत्या काळात असा साहेब भेटतो? आणि आपण कुणासाठी असे होतो का?

उपांत्य सामना कोलोनमध्ये, फ्रान्सशी. आणि फ्रान्सच्या गोलमध्ये कोण? टिएरी ओमेये. कीलमध्ये ज्याच्यामुळे फ्रित्स बाकावर होता तोच. एकाच क्लबचे दोन गोलकीपर, चाळीस मीटर लांब मैदानाच्या दोन टोकांना, एकमेकांकडे तोंड करून. रोज सरावात ज्याच्या शेजारी अंग ताणायचं तो आज पलीकडे. इथेही दुसऱ्यांदा जादा वेळ द्यावा लागला, आणि जर्मनी ३२-३१ असा जिंकला. शेवटच्या सेकंदांत फ्रान्सचा बरोबरीचा गोल पंचांनी नाकारला, त्यावरून बराच वाद झाला, आणि फ्रेंच माणसांची ती जखम मी समजू शकते. मी मात्र त्या चित्रफितीत दोन टोकांच्या दोन माणसांकडेच बघत बसते.

४ फेब्रुवारीला अंतिम सामना, पुन्हा पोलंडशी. हॉलमध्ये एकोणीस हजारांच्या आसपास माणसं, टीव्हीसमोर दीड कोटीहून जास्त. पूर्वार्धातच जर्मनीनं आघाडी घेतली. आणि उत्तरार्धात फ्रित्सच्या पायाला दुखापत झाली. तो पाय, जो जमिनीलगत आडवा जायचा. तो लंगडत बाहेर आला आणि योहानेस बिटर आत गेला. बिटर दोन मीटरहून उंच, चोवीस वर्षांचा. पोलंड अंतर कापत जवळ येत होता, हॉलचा आवाज चिरका झाला होता, आणि त्या पोरानं येऊन महत्त्वाचे चेंडू अडवले. २९-२४. बक्षीस समारंभात सगळ्या खेळाडूंनी ब्रांडसारख्या खोट्या मिशा लावल्या आणि डोक्यावर कागदी मुकुट घातले. त्या फोटोंमधले चेहरे इतके निर्मळ खूश आहेत की बघणाऱ्यालाही हसू येतं. स्पर्धेचा सर्वोत्तम गोलकीपर म्हणून फ्रित्सचीच निवड झाली, म्हणजे क्लबचा तिसरा आणि जगाचा पहिला, एकाच हिवाळ्यात.

त्यानंतर २००७ मध्येच तो आमच्या या भागात, राईन-नेकार लोवेन या क्लबकडे आला आणि २०१२ पर्यंत खेळला. मानहाइमच्या हॉलमध्ये आजोबांनी त्याला कितीतरी वेळा पाहिलंय. ते सांगतात, तेव्हाही तो तसाच ओरडायचा. गोलकीपर या खेळात फार टिकतात. बुंडेसलिगात सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम आधी यान होल्पर्टच्या नावावर होता, मग कार्स्टन लिख्टलाइननं तो मोडला, आणि दोघेही गोलकीपर. त्याआधीच्या पिढीतला आंद्रेआस टील, ज्याला लोक चेटक्याच म्हणायचे, वकिलीचं शिक्षण घेऊन अभ्यास आणि गोल दोन्ही सांभाळत राहिला. वय वाढतं तसा वेग जातो, पण समोरच्याचा खांदा वाचायची नजर वाढते. आज आंद्रेआस वोल्फ आहे. २०१६ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्यानं स्पेनला सतराच गोल करू दिले होते, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या संघाच्या गोलमध्येही तोच होता. त्याच्यामागे तरुण डाविड श्पेट तयार आहे, आमच्या लोवेनच्या गोलमध्ये वाढलेला. हे दोघे टाळ्या वाजवत एकमेकांची जागा घेतात तेव्हा मी जरा जास्त लक्ष देऊन बघते. बाहेर येणारा कुठे बसतो, पाण्याची बाटली कशी उचलतो, पुढचा चेंडू अडला तर सगळ्यात आधी कोण उभा राहतो.

हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. ती आता शाळेत शिकवते आणि संध्याकाळी मुलींचा संघ घेते. मुरमाचं मैदान तेच आहे, जाळी आता बरी आहे म्हणते. मी तिला अथेन्सच्या सात मीटरच्या फेकी पाठवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्याकडे अजून अंधार होता, तिचा फोन. पदकं, सर्वोत्तम खेळाडू, यातलं काहीच नाही. सरळ म्हणाली, "अगं, तो थांबतो बघ. समोरच्यानं एकदा फसवला हात, तरी हा थांबलेलाच. आमच्या मुली आधीच पडतात." मग बराच वेळ ती पायांबद्दलच बोलत होती, टाच किती उचललेली असते, गुडघे कुठे वळलेले असतात, लांब विजार घातली तर मुलींची कोपरं नाही पण गुडघे तरी वाचतील का. मी तिला बर्नआउटचंही सांगितलं. ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, परीक्षेच्या महिन्यात सराव आठवड्यातून दोनदाच ठेवीन. आणि २००७ चा अंतिम सामना मागितला, पूर्ण. मी म्हटलं, फ्रित्स जखमी होऊन बाहेर जातो तिथपर्यंतचा भाग कापून पाठवते, फाइल फार मोठी आहे.

"कापू नकोस," ताई म्हणाली, "आमच्या दुसऱ्या गोलकीपरला तो बिटर आत येतो ते दाखवायचंय."